एकदाच फुटणारं झाड: पॉन्डेरोसा बोन्सायवर वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत पॉन्डेरोसाच पॉन्डेरोसा आहे. कोलोरॅडो, ओरेगन, मोन्टाना, अ‍ॅरिझोना, जिथे जिथे हा पाइन डोंगरावर उभा असतो तिथली आपली मंडळी आता त्याला कुंडीत घ्यायला लागलीयेत असं दिसतंय आणि मला त्याचा आनंदच आहे, कारण परदेशातनं मागवलेल्या झाडापेक्षा आपण राहतो तिथल्या हवेतलं झाड कधीही बरं. फक्त निम्म्या पत्रांत एकच घोळ आहे म्हणून ते पत्र आधी घेते.

प्रश्न (डेन्व्हर): ताई नमस्कार, माझ्याकडे नर्सरीतनं आणलेला पॉन्डेरोसा आहे, चांगला जोमात होता. व्हिडिओत बघून जूनमध्ये सगळ्या कँडल्स (वसंतात येणारे मेणबत्तीसारखे नवे कोंब) कापल्या, जपानी ब्लॅक पाइनला करतात तसं. आता सप्टेंबर आला, कापल्या जागी बारीक डोळे दिसतात पण फुटत काहीच नाही. झाड गेलं का?

गेलं नाही, पण उपाशी आहे. जपानी ब्लॅक पाइन समुद्रकाठचा, तिकडचा उन्हाळा लांब आणि दमट, त्यामुळे जूनमध्ये कँडल कापली की तो त्याच उन्हाळ्यात पुन्हा फुटतो आणि दुसऱ्या फुटीच्या सुया आखूड येतात, ते सगळं तंत्रच त्या दुसऱ्या फुटीच्या भरवशावर आहे. पॉन्डेरोसाला वसंतात एकच फूट येते. वर्षाचा पगार एकदाच हातात पडणारा माणूस समजा, आणि तुम्ही तो पगाराच्या दिवशीच काढून घेतलात. आलेले डोळे पुढच्या वसंतासाठी आहेत, यंदा ते हलायचे नाहीत, कितीही खत घाला.

आता काय करायचं तर बहुतेक काहीच नाही. या शरदात फांद्या वळवायला वायर गुंडाळणं नाही, छाटणी नाही, कुंडी बदलणं तर नाहीच, आणि मुख्य म्हणजे जुन्या सुया उपटून झाड ‘स्वच्छ’ करू नका, सध्या त्याच्याकडे कमावणारं तेवढंच उरलंय. भरपूर ऊन आणि थंडी पडेपर्यंत खत, एवढंच द्या. पुढच्या वसंतात कँडल्स बारक्या येतील, एखाददुसरी फांदी वाळेलही, तरी हात लावायचा नाही, त्याच्या पुढच्या वर्षी बघू.

आणि एरवीचं वेळापत्रक, म्हणजे धडधाकट झाडासाठी, असं धरा. वसंतात कँडल्स वाढू द्यायच्या. एखादी बाकीच्यांच्या दुप्पट जोरात निघाली, सहसा शेंड्याला होतं असं, तर ती मऊ असताना, सुया उघडायच्या आत, बोटांनी अर्धी मोडायची, बाकीच्यांना नाही. मग सुया पूर्ण लांब होऊन निबर झाल्या की, तुमच्याकडे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, तेव्हा यंदाची वाढ मागे कापायची, पण कापताना खाली यंदाच्याच हिरव्या सुयांच्या काही जोड्या राहिल्या पाहिजेत. त्या सुयांच्या बुडाशी डोळे धरतात. सुयाच ठेवल्या नाहीत तर डोळा यायला जागाच नाही, फांदी खुंटते आणि मग वाळते. छाटणीचा हा एकच मोठा मोका आहे वर्षात, जूनची कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून द्या.

प्रश्न (पोर्टलंड): माझ्या पॉन्डेरोसाच्या सुया सात इंच लांब आहेत आणि झाड दीड फुटाचं! ब्रशसारखं दिसतं. आखूड कशा करायच्या? कात्रीने कापल्या तर चालतील का?

कात्रीने नका कापू, टोकं तपकिरी होतात आणि झाड सलूनमधून आल्यासारखं दिसतं.

आधी तुमचा पॉन्डेरोसा कुठला ते बघा. पॅसिफिकच्या बाजूचा जो आहे त्याच्या सुया मुळातच लांब, सात-आठ इंच काही विशेष नाही, आणि तीन-तीनच्या जुडीत. रॉकीजमधला जो प्रकार आहे त्याच्या सुया बऱ्याच आखूड, दोन आणि तीन अशा मिसळलेल्या जुड्यांत, बोन्सायवाल्यांचा ओढा त्याच्याकडे असतो तो उगीच नाही. तुम्ही पोर्टलंडला आहात तेव्हा पहिला प्रकार असायची शक्यता जास्त, पण जुड्या मोजून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे झाड कोणत्या टप्प्यावर आहे. खोड जाड करायचंय, फांद्या घडवायच्यात, मुळं जमवायचीयेत अशा झाडाच्या सुया लांब असणं ही तब्येतीची खूण आहे, त्या आखूड करायच्या मागे लागलात तर वाढच थांबवाल. सुया आखूड करणं हे शेवटचं काम. फांद्यांना उपफांद्या, त्यांना आणखी, असे पन्नास शेंड्यांचे दोनशे शेंडे झाले की मुळांकडून येणारा तोच जोर चौपट ठिकाणी वाटला जातो आणि सुया आपोआप लहान होतात. निम्मं काम हे विभागणंच करतं, बाकी सगळं मग वरचं तूप.

त्या टप्प्याला आलात की मग असं: वसंतात खत अजिबात नाही, सुया निबर होईपर्यंत थांबायचं, सगळं खत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात. सुया लांबत असतात त्या काही आठवड्यांत पाण्याचा थोडा ताण द्यायचा, ताण म्हणजे वरची माती सुकेपर्यंत थांबणं, झाड वाळवणं नाही, हे लिहिलंय तरी कोणीतरी वाळवणारच. आणि ऊन, दिवसभराचं, सावलीतली सुई उजेड शोधत लांबतेच. एवढं सगळं करून सुया निम्म्यावर आल्या तरी तुम्ही जिंकलात. इंचभर सुईचा पॉन्डेरोसा मनात असेल तर दुसरं झाड घ्या, किंवा याचंच झाड मोठं ठेवा, अडीच-तीन फुटी झाडावर तीच सुई खटकत नाही.

प्रश्न (बोल्डर): एस्टेस पार्कच्या बाजूला हायकिंगला गेलो असताना खडकाच्या फटीत मनगटाएवढ्या खोडाचा, वेडावाकडा, अप्रतिम पॉन्डेरोसा दिसला. असं झाड उकरून आणता येतं का? कायद्याचं काय? आणि आणलं तर जगेल का?

कायद्याचं आधी, कारण ते सोपं आहे. ते झाड रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या हद्दीत असेल तर विषय संपला, नॅशनल पार्कमधनं झाड सोडा, साधं रोपही हलवायला मनाई आहे. नॅशनल फॉरेस्टची जमीन वेगळी, तिथे फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्थानिक रेंजर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातनं जिवंत झाड काढायचं परमिट मिळू शकतं, बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या) जमिनीवरही तसंच. पण प्रत्येक डिस्ट्रिक्ट देतंच असं नाही, देतात तिथे कुठल्या भागातनं, कुठल्या महिन्यात, किती उंचीचं हे ठरलेलं असतं, म्हणून झाड बघून ऑफिसला जाण्यापेक्षा ऑफिसला जाऊन नकाशा घेऊन मग झाड बघा. ख्रिसमस ट्रीचं परमिट या कामाला चालत नाही, ते झाड कापण्यासाठी असतं. खासगी जमीन असेल तर मालकाची परवानगी, आणि ती लेखी घ्या, तोंडी ‘ने रे’ला रस्त्यात कोणी विचारलं तर काही किंमत नाही.

आता जगण्याचं. मनगटाएवढं खोड म्हणजे लहान झाड असं समजू नका, खडकातला पॉन्डेरोसा इतका हळू वाढतो की त्या खोडाचं वय शंभरीच्या पुढेही सहज असू शकतं. असं झाड मारून टाकायचा आपल्याला काय अधिकार आहे हा प्रश्न स्वतःला विचारूनच खोरं उचलावं, माझं तरी हे स्पष्ट मत आहे. दहातली नऊ झाडं बघून सोडून द्यायची असतात.

काढता येण्यासारखं कुठलं ते खोडाला हात लावून कळतं. खोड हळूच हलवा. खडकाच्या खोलगट खड्ड्यात साठलेल्या पाल्यापाचोळ्यात जे झाड वाढलेलं असतं त्याची मुळं त्या खड्ड्यातच गिरक्या घेऊन गोधडीसारखी एक गादी करतात, खोड हलवलं की ती अख्खी गादी हलते. ते झाड जवळपास सगळ्या मुळांसकट उचलून येतं. याउलट खोड एकदम घट्ट, आणि एकच दोरखंडासारखं मूळ फटीत शिरून नाहीसं झालंय, तर बारीक मुळं कुठे तरी दहा फूट लांब आहेत, ते झाड कितीही सुंदर असलं तरी त्याला रामराम करा. तुमच्या पत्रात ‘फटीत’ लिहिलंय त्यावरून मला हेच दुसरं वाटतंय. फोटो काढून ठेवा.

हंगाम वसंताची सुरुवात, जमीन नुकतीच मोकळी झालीये आणि कँडल्स अजून लांबल्या नाहीयेत तेव्हा. रॉकीजमधले काही जुने लोक उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस होऊन गेल्यावर काढतात आणि त्यांची झाडं जगतात, पण पुढे हिवाळ्यात सांभाळायची सोय असेल तरच त्या वाटेला जा. मुळांवरची मूळची माती झटकायची नाही, धुवायची तर मुळीच नाही, त्यात पांढऱ्या धाग्यांची बुरशी दिसेल, ती रोग नाही, पाइनच्या मुळांची सोबतीण आहे, तिच्याशिवाय त्याचं चालत नाही. ओल्या गोणपाटात गच्च बांधा, गाडीत वारा लागू देऊ नका. घरी आल्यावर मुळांच्या गादीला जेमतेम पुरेल एवढीच लाकडी पेटी करायची, उरलेल्या जागेत पमिस (सच्छिद्र ज्वालामुखी खडकाची खडी), आणि झाड पेटीला असं आवळून बांधायचं की पेटी उचलली तरी खोड डुगडुगता कामा नये, कारण नव्या मुळांची टोकं हलण्याने तुटतात. मग दोन वर्षं, कधी तीन, नुसतं बघायचं. कँडल्स जोरात लांबल्या आणि सुया पूर्ण लांबीच्या आल्या की समजायचं मुळं धरली. एक सावध करते, पहिल्या वसंतात झाड मजेत फुटतं आणि लोक वायर घेऊन धावतात, तो जोर आदल्या वर्षी साठवलेला असतो, मुळांचा नसतो.

प्रश्न (मिझूला): परमिट काढून आणलेला पॉन्डेरोसा, दुकानातल्या पॉटिंग मिक्समध्ये लावला. रोज पाणी देतो तरी सुया फिकट पडत चालल्यात. अजून पाणी वाढवू का? आणि ती मूळची माती कधी काढायची?

‘तरी’ नाही हो, ‘म्हणून’. रोज पाणी देताय म्हणून फिकट पडतायत. मोन्टानाचा तर हा राज्यवृक्ष, कोरड्या उतारांवर हा कसा उभा असतो ते तुम्ही रोज बघत असणार, याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पॉटिंग मिक्समध्ये पीट असतं, ते स्पंजसारखं पाणी धरून बसतं, मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात, मग कुजलेली मुळं पाणी उचलत नाहीत, वरून झाड तहानलेलं दिसतं आणि माणूस आणखी पाणी घालतो. हे चक्र तोडायचं.

पाणी थांबवा. पेटीची एक बाजू विटेवर चढवून तिरकी करा, निचरा लगेच सुधारतो, ही फुकटातली युक्ती फार लोक विसरतात. लाकडाची काडी मातीत खोचून ठेवा, काढून बघितल्यावर इंच-दोन इंच खोलीला जेमतेम ओलसर लागली तरच पाणी, आणि देताना मात्र खालून वाहेपर्यंत. पेटी गार सिमेंटवर असेल तर उचलून उन्हात ठेवा, उबदार मुळं लवकर सावरतात, वसंतात खालून हीटिंग मॅट देणारेही आहेत आणि त्याचा फायदा होतो. पुढच्या वसंतापर्यंत झाड टिकलं तर आजूबाजूचं पॉटिंग मिक्स हलक्या हाताने काढून पमिस भरा, मूळच्या मातीच्या गोळ्याला न दुखवता.

त्या गोळ्याचा प्रश्न नंतरचा. झाड जोमात आल्यावर, वसंतात डोळे फुगायला लागले की गोळ्याची एकच बाजू मोकळी करायची, तिथे पमिस, लाव्हाची खडी आणि मिळत असेल तर अकादामा (जपानी दाणेदार माती) भरायचा, दुसरी बाजू जशीच्या तशी. ती बाजू दोन-तीन वर्षांनी. एका दमात सगळी माती काढलेले पॉन्डेरोसा मेलेले बघायला मिळतात, अर्धे अर्धे केलेले सहसा जगतात. त्यानंतर कुंडीत बसलेल्या झाडाला चार-पाच वर्षं हात लावायची गरज नसते, पाणी वरून झिरपायचं मंदावलं की वेळ आली असं धरा.

प्रश्न (बेंड): फांद्या रबरासारख्या आहेत, कशाही वाकतात, पण वायर काढली की पुन्हा जागेवर! दोनदा झालं असं. वायर चुकीची आहे का?

वायर बरोबर आहे, झाडच तसं आहे. पॉन्डेरोसाच्या फांद्या बर्फाच्या ओझ्याखाली वाकून पुन्हा उठायला सरावलेल्या असतात, त्या मोडत नाहीत ही मजा आणि बसत नाहीत ही सजा. एका वायरिंगमध्ये काम होईल ही आशा सोडा, जाड फांदीला दोन-तीन फेऱ्या लागतात.

तरी काही गोष्टी मदत करतात. तापवून मऊ केलेली तांब्याची वायर वापरा, अ‍ॅल्युमिनियम या झाडाला कमी पडतं, एवढ्याच जाडीचं तांबं दुप्पट धरून ठेवतं. नुसतं खाली वाकवू नका, वाकवताना फांदीला पीळ द्या, पिळाने आतले धागे किंचित सुटतात आणि मग सांधताना नव्या आकारात सांधतात, नुसती कमान केलेली फांदी स्प्रिंगसारखी परत येते. जाड फांदीला आधी ओली राफिया (ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पानाचा धागा) गच्च गुंडाळा. शिवाय वायरवर सगळा भार टाकण्यापेक्षा फांदीच्या टोकाकडून बारीक तार बांधून खाली पेटीला ओढून ठेवायची, ती वर्ष-दोन वर्षं राहिली तरी सालीत रुतत नाही कारण खाली रबराचा तुकडा घालता येतो.

वेळ म्हणाल तर सुया निबर झाल्यापासून थंडी पडेपर्यंत. जोरात वाकवलेलं झाड त्या हिवाळ्यात कडक थंडीपासून जपायचं, दुखावलेल्या फांदीला बर्फाळ वारा सोसत नाही. आणि वायर रुततेय का हे वसंतात कँडल्स लांबताना नव्हे, उन्हाळ्याच्या शेवटी बघा, फांदी जाड होते ती तेव्हा, भराभर.

डिझाइनबद्दल विचारलं नाहीत तरी बोलते. डोंगरातल्या म्हाताऱ्या पॉन्डेरोसाच्या फांद्या खोडाजवळूनच खाली पडलेल्या असतात आणि टोकाला थोड्या वर उचललेल्या, पुंजके तुटक, मध्ये मोकळं आकाश. त्याला जपानी पाइनसारखे एकावर एक सपाट ढग रचत बसू नका, झाड ओळखूच येत नाही मग.

प्रश्न (फिनिक्स): ताई, मी कॉलेजला आहे, अपार्टमेंटची बाल्कनी आहे, पश्चिमेकडची. अ‍ॅरिझोनात पॉन्डेरोसाचं एवढं मोठं जंगल आहे तर इथे बोन्साय होईलच ना?

नाही होणार रे, आणि हे आत्ता ऐकलंस तर पैसे वाचतील. तू म्हणतोस ते जंगल फ्लॅगस्टाफकडे आणि मोगोयोन रिमवर आहे, फ्लॅगस्टाफ जवळजवळ सात हजार फुटांवर, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. फिनिक्स जेमतेम अकराशे फुटांवर. राज्य एक असलं तरी झाडाला राज्य कळत नाही, उंची कळते. पॉन्डेरोसाला थंडीची झोप लागते, ती न मिळता एखाद-दोन वर्षं तो साठवणीवर काढतो आणि मग हळूहळू विझतो. त्यात पश्चिमेची बाल्कनी म्हणजे जुलैत कुंडीतली मुळं शिजणार. घरात एसीमध्ये ठेवू का असं पुढचं पत्र येईल तर त्याचंही उत्तर नाहीच, पाइन घरात जगत नाही.

तुझ्या बाल्कनीला ऑलिव्ह घे, किंवा बोगनवेल. दोन्ही उन्हाला पुरून उरतात, ऑलिव्ह जुन्या लाकडावरही फुटतो आणि चुका माफ करतो, शिकायला उत्तम.

प्रश्न (फोर्ट कॉलिन्स): हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवायचा का बाहेर? उणे वीसला कुंडी फुटेल अशी भीती वाटते.

बाहेरच, पण टेबलावर नाही. जमिनीतला पॉन्डेरोसा याहून कडक थंडी हसत काढतो, कुंडीतल्या मुळांना मात्र जमिनीची ऊब नसते आणि मुळं खोडाइतकी थंडी सोसत नाहीत. कुंडी जमिनीवर ठेवायची, चारी बाजूंनी काठापर्यंत मल्च किंवा लाकडाचा भुसा चढवायचा, वाऱ्याला पाठ असलेल्या भिंतीशी. उत्तरेची भिंत चांगली, कारण तुमच्याकडे खरा शत्रू थंडी नाही, फेब्रुवारीतलं ऊन आणि तो डोंगरावरून उतरणारा गरम चिनूक वारा आहे, सुया बाष्प सोडतात आणि मुळं गोठलेली असल्यामुळे वर पाणी जात नाही, मार्चमध्ये झाड तांबूस होतं आणि लोक म्हणतात थंडीने गेलं. गेलं ते तहानेने. म्हणून हिवाळ्यात माती मोकळी झालेली दिसली की पाणी द्या, जानेवारी असला तरी. बर्फ पडलाय तर कुंडीवर ओढून घाला, त्याच्यासारखी रजई नाही.

गॅरेज चालेल, पण थंड आणि गरम न केलेलं असेल तरच, आणि कँडल्स हलायला लागायच्या आत बाहेर काढायचा. कुंडीचं म्हणाल तर जास्त आचेवर भाजलेली, आत वळलेला काठ नसलेली कुंडी सहसा टिकते.

प्रश्न (स्पोकेन): ऑक्टोबरमध्ये आतल्या बाजूच्या सगळ्या सुया पिवळ्या पडल्या. फवारणी कोणती करू?

कुठलीच नको. टोकाकडच्या यंदाच्या सुया हिरव्या आहेत ना, मग आतल्या पिवळ्या म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या, त्यांचं आयुष्य संपलं. तुमच्याच भागात १८२६ मध्ये डेव्हिड डग्लस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाची नोंद केली, तेव्हाही ऑक्टोबरात हे असंच दिसत असणार! चिमटीने काढून टाका, आत उजेड जाऊ दे. पिवळेपणा टोकाकडून आत येत असेल किंवा सुईवर लाल-तपकिरी पट्टे असतील तर मात्र पुन्हा लिहा, ते वेगळं प्रकरण.

प्रश्न (अल्बुकर्की): नवे शेंडे तपकिरी होऊन वाकतात, मोडले तर आत पोकळ. शिवाय सुयांवर पांढरे ठिपके. दोन्ही एकच रोग आहे का? आजूबाजूला बीटलने झाडं मेलीयेत, त्याची भीती वाटते.

दोन वेगळ्या किडी आहेत, आणि तिसरीची काळजी सध्या नको. पोकळ शेंडा म्हणजे टिप मॉथ या पतंगाची अळी, शेंडा आतून पोखरते. तपकिरी शेंडा हिरव्या भागापर्यंत कापा आणि नष्ट करा, कचऱ्याच्या ढिगात टाकू नका, अळी तिथेच मोठी होते. बोन्साय लहान असल्यामुळे रोज डोळ्यांनी बघणं हेच सगळ्यात चांगलं औषध.

पांढरे ठिपके नखाने खरवडून निघत असतील तर खवले कीड. थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने घासा, जास्त असतील तर वसंताच्या शेवटी पिल्लं बाहेर पडून चालायला लागतात तेव्हा हॉर्टिकल्चरल ऑइल मारा, कवच चढल्यावर मारलेलं फारसं लागत नाही. तेलाने सुयांचा निळसर रंग काही काळ उतरतो, घाबरू नका. (ठिपके सगळ्या सुयांवर अगदी रांगेत, एकसारखे आणि सपाट असतील तर ती सुईची श्वास घेणारी रंध्रं आहेत, अशीही पत्रं येतात.)

माउंटन पाइन बीटल सहसा जाड खोडाच्या झाडांवर जातो, पॉपकॉर्नसारखे डिंकाचे गोळे खोडावर दिसतात ती त्याची खूण. तुमच्या कुंडीतल्या खोडाला तो बहुधा विचारणार नाही. जोमदार झाड डिंकाने अळीला बाहेर ढकलतं, तहानलेलं झाड ढकलू शकत नाही, म्हणून कडक उन्हाळ्यात पाण्याकडे लक्ष असू द्या.

प्रश्न (सिएटल): क्लबमध्ये एकाने सांगितलं की पॉन्डेरोसाच्या खोडावर जपानी ब्लॅक पाइनचं कलम करून टाक, सुयांचा प्रश्नच मिटेल. करावं का?

होतं, लोक करतात, हिवाळ्याच्या शेवटी बाजूचं कलम बांधून किंवा कुंडीतलं रोप शेजारी ठेवून भेट कलम करून. पाच-सात वर्षांत सगळी पालवी बदलता येते. मला स्वतःला ते पटत नाही. नारिंगी भेगाळ सालीवर ती कडक गडद हिरवी आखूड पालवी दिसते छान, पण मग ते रॉकीजमधलं झाड राहत नाही. अमेरिकेत या झाडाला त्याच्याच पालवीत उभं करणाऱ्या लोकांनी, डॅन रॉबिन्सनसारख्या जुन्या माणसाने आणि जपानमध्ये बोन्सायगुरू मासाहिको किमुरांकडे शिकून आलेल्या रायन नीलने, दाखवून दिलंय की लांब सुई ही अडचण नाही, ती धरून डिझाइन करायचं असतं. तुम्ही सिएटलला आहात, फेडरल वेचं पॅसिफिक बोन्साय म्युझियम जवळ आहे आणि रॉबिन्सनची बाग ब्रेमर्टनला, दोन्हीकडे जाऊन पोटभर बघा आणि मग ठरवा. एक अपवाद मी मान्य करते, जंगलातनं आलेल्या झाडाची पालवी खोडापासून खूप लांब टोकाला असेल तर त्याच झाडाची लवचिक फांदी वळवून खोडाजवळ भेट कलम करावं, त्यात पालवी त्याचीच राहते.

प्रश्न (कोलोरॅडो स्प्रिंग्ज): खोडावरची साल पापुद्र्यांनी सुटते. ब्रशने घासून गुळगुळीत करू का? आणि खोडावर वाळलेलं लाकूड आहे ते काढू का?

दोन्हीला नाही. तरुण पॉन्डेरोसाची साल काळपट असते, कित्येक दशकांनी ती नारिंगी-पिवळ्या तुकड्यांची होते, जिगसॉ पझलसारखी. ती साल म्हणजेच झाडाचं वय, ती घासून काढलीत तर परत यायला तुमचं-माझं आयुष्य पुरणार नाही. काम करताना खोड धरूच नका, पेटी धरा, आणि ओढायची तार सालीवरून जात असेल तर खाली रबर द्या. दुपारच्या उन्हात नाक सालीच्या भेगेला लावून बघा, व्हॅनिलासारखा वास येतो, काहींना बटरस्कॉचचा येतो, त्यावरून आमच्याकडे वाद आहेत.

वाळलेलं लाकूड ठेवा. मऊ झालेलं, नखाने निघतं तेवढंच काढा, टणक भाग नायलॉनच्या ब्रशने साफ करून उन्हाळ्यात लाइम सल्फर (चुना-गंधकाचं द्रावण) लावा, मातीत जाऊ देऊ नका आणि जिवंत सालीवर सांडू देऊ नका. लावल्यावर पांढरंफटक दिसतं, नवीन रंगवलेल्या कुंपणासारखं, ते आवडत नसेल तर त्यात चिमूटभर काजळी मिसळा, राखाडी होतं. वास सडलेल्या अंड्यासारखा येतो, शेजाऱ्यांकडे पाहुणे असतील त्या दिवशी लावू नका.